सुटी ठेवलेली गाठ

आई, तुला अक्षर येत नव्हतं हे ठाऊक असूनही लिहायला बसलेय. माझ्या प्रगतिपुस्तकावर तू अंगठा उठवायचीस आणि विचारायचीस, "चांगलं लिवलंय ना?" मी नापास झाले असते तरी हो म्हटलं असतं, आणि तू मान डोलावली असतीस. तू गेलीस त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज दुपारी एक वाजता, भांडी तशीच मोरीत ठेवून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ओढून बसलेय. चार वाजता मला दवाखान्यात परत जायचंय आणि तुझ्या नातीला एक उत्तर द्यायचंय. तोवर कुणाशी तरी बोलायला हवं. जे बोलायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

तुझी नात म्हणजे माझी लेक. तू गेलीस तेव्हा चार वर्षांची होती. तुझ्या हाताला गुलछडीचा वास यायचा एवढंच तिला आठवतं. लग्नाला सात वर्षं झाल्यावर आत्ता तिला दिवस गेलेत. सातवा नुकताच लागला आणि अंगावर सूज चढली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे. बीपी औषधांना दाद देत नाही. काल डॉक्टरीणबाईंनी जावयाला आणि मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, "बाळाला अजून दोन आठवडे पोटात मिळायला हवेत. तुमच्या मुलीकडं दोन दिवस तरी आहेत का, हे मी सांगू शकत नाही." आत्ता सिझर केलं तर बाळ हाताच्या ओंजळीएवढं, काचेच्या पेटीत ठेवतात, काही जगतात, काही नाही. थांबलं तर लेकीला झटके येतील, आणि मग काय होईल ते बाईंनी बोलून दाखवलं नाही, नुसतं पेनाचं टोपण लावलं. लेक सहीला तयार नाही. थांबायचं म्हणते. सात वर्षं वाट बघितली, दोन आठवडे बघीन म्हणते. जावई भला माणूस, पण अशा वेळी भल्या माणसाचा उपयोग नसतो. तो फॉर्म हातात धरून कॉरिडॉरमध्ये उभा. शेवटी काल संध्याकाळी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, तू उद्या तुझी दारं फिरून ये. दोघांचं नाव घे. मग येऊन सांग. तू सांगशील तसं करते."

तुझी दारं, आई. मी त्यांना माझी म्हणते, पण ती तुझीच. दर गुरुवारी बाजाराची फुलं तोडायच्या आधी तू पहिली ओंजळ बाजूला काढायचीस. चुलीपुढं पाट घेऊन, घमेल्यात केळीचं सोपट भिजत घालून बसायचीस. एकच लांब पट्टी नखानं चिरायचीस आणि तिच्यातच पाच माळा ओवायचीस, शेवटी पाचांना वेगळं करायचीस. एक विहिरीवरच्या साती आसरांना. मग फुलांची पाटी घेऊन पंचवटीत बाजाराला, तिथं दुसरी रामाला. तिसरी पुलापलीकडं, जुन्या नाशकातल्या दर्ग्यात. चौथी नाशिकरोडच्या चर्चमध्ये, तिथं एका पादरीणबाईनं एकदा तुझ्या टाचेतला काटा काढला होता तेव्हापासून. पाचवी लेण्यांवर. लेण्यांवर कुणाचा देव आहे हे तुला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. "बसलाय ना गप डोळं मिटून, कुणाला तरी फूल नको का," म्हणायचीस. बाजारातल्या बायका तुला चिडवायच्या, हिचं कुळ तरी किती देवांचं, हिच्या घरी देवांनाच रांग लावावी लागते म्हणून. तू हसायचीस आणि पाटी डोक्यावर घ्यायचीस.

त्या पाच माळांचं एक वेगळंच होतं. बाजाराच्या हारांना तू शेवटी गच्च गाठ मारायचीस, पण या पाचांची शेवटची गाठ कधी मारायची नाहीस. टोक तसंच सुटं, लोंबतं. मी दहा वर्षांची असताना, तू पाणी आणायला गेलीस तेवढ्यात, कौतुकानं पाचपैकी एकीची गाठ मारून ठेवली. तू आलीस, बघितलंस, आणि माझ्या हातावर अशी चापट मारलीस की अजून आठवतं. मग खाली बसलीस आणि ती गाठ सोडवत राहिलीस. ओलं सोपट आवळलं गेलं होतं, सुटेना. पाकळ्या चुरगळल्या. तुझी बोटं थरथरत होती, आणि मला वाटलं ती रागानं. शेवटी ती माळ तू मळ्याच्या पाटाच्या पाण्यात नेऊन सोडलीस आणि नवी ओवलीस. "मागायचं असलं तर नाव घेऊन गाठ मारत्यात," म्हणालीस. "आपल्याला मागायचं नाय. जायचं सगळीकडं, मागायचं कुठंच नाय. समजलं?" मला काही समजलं नव्हतं. समजलं म्हटलं.

तुझं ते वाक्य मी पुढं आयुष्यभर अंगावर घातलं. मास्तरीण झाले, पहिली नेमणूक पेठकडच्या पाड्यावर मिळाली. तिथं पाड्याच्या सीमेवर वाघाचा दगड, शेंदूर लावलेला. वाघबारशीला लोक त्याच्यापुढं नैवेद्य ठेवायचे. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, काय मागता? तो म्हणाला, "काही नाही मागत. येऊ नको, एवढंच सांगतो." मला ते उत्तर दिवसभर पुरलं. नंतर नाशकात बदली झाली तेव्हा लेण्यांवर एक निवृत्त गृहस्थ भेटायचे, त्यांनी मला नुसतं बसायला शिकवलं. श्वास येतोय, जातोय, ढवळाढवळ करायची नाही. चर्चमध्ये मी कधी कुणापुढं कबुली दिली नाही, पण मागच्या बाकावर गुडघे टेकून आठवड्याभरातलं माझं चुकलेलं स्वतःशी बोलायची सवय लागली, आणि ती सवय देवळात लागली नसती. तिथं घंटा, गर्दी, पुढं चला. दर्ग्यात डोकं झाकून उभं राहिलं की मला माझी उंची बरोबर कळते. आणि रामापुढं, खरं सांगते, मला काहीच होत नाही, पण तुझी सवय म्हणून जाते. नणंद म्हणते, वहिनी, तुमचं धड एक नाही. सोसायटीतला एक पोरगा मागं म्हणाला, "काकू, पुलाच्या तिकडं कशाला जाता आता? दिवस बरे नाहीत." मी म्हटलं, दिवस केव्हा बरे होते रे. तो हसला नाही.

पण माझं बरं चाललं होतं. कुणाकडं काही मागायचं नाही, म्हणून कुणाला घाबरायचं कारण नाही. साठ वर्षांची होईपर्यंत मी हे माझं शहाणपण समजत होते. मी लेकीला सांगायची, आजीनं शिकवलंय, आपण देवाला नुसतं भेटायला जातो.

तू शेवटच्या दुखण्यात होतीस तेव्हा मी तुझ्या उशाशी बसून विचारलं होतं, आई, तू आपल्या माळांची गाठ सुटी का ठेवायचीस? तोपर्यंत मला भावाबद्दल एवढंच माहीत होतं की तो लहानपणी तापानं गेला. मी सहा वर्षांची, तो तीनचा. तू त्या दिवशी पहिल्यांदा नीट सांगितलंस. दोघांनाही ताप होता. त्याचा उतरला होता, अंगणात बसून भाकरीचा तुकडा चघळत होता. माझा चढत होता. तू माळा ओवल्यास, पाचही गाठी माझं नाव घेऊन मारल्यास, आणि मला पाठुंगळी बांधून पाच दारं करत सिव्हिल हॉस्पिटल गाठलंस. त्याला घरी तुझ्या म्हाताऱ्या सासूपाशी ठेवलंस. चौथ्या दिवशी मला घेऊन परत आलीस तर अंगण सारवलेलं होतं. भावकीतल्या सगळ्या बाया तुला म्हणाल्या, पोरगी वाचवली आन् पोरगा घालवला. हे तू मला हसत सांगितलंस, म्हणजे ओठ तसे केलेस. मग म्हणालीस, "त्याचं नाव घ्यायचं राहून गेलं बघ. बरं होतं त्याचं, म्हणून राहून गेलं." तू तसंच म्हणालीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, एवढीशी चूक, आणि बाईनं आयुष्यभर टोक सुटं ठेवलं.

आज पहाटे उठून मी सोपट भिजत घातलं. आता शेत नाही, आई. मखमलाबादच्या आपल्या मळ्यावर तीन इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीत मी राहते. केळ बाजारातून आणावी लागते, फुलंही. झेंडू आणि थोडी शेवंती. एक पट्टी चिरली, पाच माळा ओवल्या आणि पाचही गाठी मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा. लेकीचं नाव घेतलं. पाचदा. हात इतके स्थिर होते की माझं मलाच नवल वाटलं. बाळाचं नाव घ्यायचं राहून गेलं.

आसरांची विहीर बिल्डरनं बुजवली, वर पार्किंग केलं. सात दगड मात्र कुणी हलवले नाहीत, वॉचमनच्या खोलीमागं आहेत. मी पहिली माळ घेऊन गेले तर तिथं फरशीवर ओल होती. वॉचमन काठीनं फरशीच्या फटी टोकरत होता. म्हणाला, "मावशी, हे बघा, आठ दिवस झाले. पाऊस नाय, पाइप फुटला नाय. खालून येतंय पाणी." दगडांच्या बुडाशी बोटभर साचलं होतं, गार आणि स्वच्छ. मी माळ ठेवली तर तिचं टोक पाण्यात पडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस की आया वर आल्यात. त्या पोरं नेतात असंही तूच म्हणायचीस, आणि मला विहिरीच्या कडेला जाऊ द्यायची नाहीस. मी तिथून घाईनं निघाले.

पंचवटीत नेहमीसारखी गर्दी. पुजाऱ्यानं माळ घेतली आणि ढिगावर टाकली, मला तेवढंच हवं होतं. रिक्षानं पूल ओलांडला. दर्ग्यातले चाचा आता फार म्हातारे झालेत, त्यांच्या वडिलांच्या हातात तू माळ द्यायचीस. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, ते फुलं बोटांनी बघतात. त्यांनी माळ चाचपली, टोकाशी आले आणि थांबले. "आज गाठ मारके लाई?" म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं की टोक सुटं का असतं, पण ध्यानात ठेवलं होतं. "किसके वास्ते?" मी म्हटलं, "बेटी के लिए." ते माझ्याकडं तोंड करून वाट बघत राहिले, मी पुढं काही बोलेन म्हणून. मग म्हणाले, "बस?" मी म्हटलं, "बस." त्यांनी माळ मजारीवर ठेवली. नेहमी डोक्यावर मोरपिसांचा कुंचा फिरवतात, आज ते विसरले का मीच आधी वळले, आठवत नाही.

चर्चमध्ये मागच्या बाकावर गुडघे टेकले. चुकलेलं बोलायची वेळ. दर आठवड्याला जीभ चालते माझी, नणंदेला काय बोलले, कामवालीवर कशी उखडले. आज शब्द फुटला नाही. एक बाई पुढं मेणबत्त्या लावत होती. एक पेटली, दुसरी ओली होती की काय, पेटेना. तिनं तीन काड्या ओढल्या आणि ती मेणबत्ती बाजूला ठेवून दिली. मी उठले. लेण्यांच्या पायऱ्या चढताना गुडघ्यानं दोनदा बसवलं. वर चैत्यात थंडगार अंधार. माळ ठेवली, बसले, डोळे मिटले. श्वास येतोय, जातोय. पण ढवळाढवळ करायची नाही हे आज जमेना, कारण प्रत्येक श्वासाला मी मोजत होते की लेक आत्ता घेतेय ना. मागं भिंतीला टेकून एक शाळेची सहल डबा खात होती, त्यांच्या बाई पोरांना दटावत होत्या, आणि मला वाटलं, या सगळ्यांना त्यांच्या आयांनी नाव घेऊन सांभाळलंय.

तिथून थेट दवाखान्यात गेले. लेकीच्या दंडाला बीपीचा पट्टा, तो दर पंधरा मिनिटांनी आपोआप आवळतो आणि ती डोळे मिटून घेते. पापण्या सुजलेल्या. मला बघून हसली. "जाऊन आलीस सगळीकडं?" म्हटलं, हो. "दोघांचं नाव घेतलंस ना?" म्हटलं, हो. तिनं माझा हात पोटावर ठेवला. आत हललं, आई. मासा वळतो तसं. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, घरी जाते, तुला पेज करून आणते, मग सांगते. ती म्हणाली, "चार वाजेपर्यंत ये. डॉक्टर राउंडला येतात."

पेज झालीय. डब्यात भरून ठेवलीय. साडेतीन वाजले.

वर एका ठिकाणी लिहिलंय की बाळाचं नाव घ्यायचं राहून गेलं. खोडत नाही, पण ते खरं नाही. चौथी गाठ मारून झाली तेव्हा मला लख्ख आठवलं होतं. मी थांबलेही. स्वतःला म्हटलं, ज्याला अजून नावच नाही त्याची गाठ कशी मारायची. मग आतून उत्तर आलं, लेकीचं बाळ म्हण, तेवढं पुरतं. आणि तरी मी पाचवी गाठ तिच्या एकटीच्या नावानं मारली. कारण मला भीती वाटली की दोन मागितली तर अर्धं अर्धं मिळेल. देवाचं असं नसतं हे पाच दारांत चाळीस वर्षं बसून मला कळायला हवं होतं. वाघाला येऊ नको म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्यापाशी बसून कळायला हवं होतं. नाही कळलं. वेळ आली तेव्हा माझ्याजवळ एवढंच निघालं, माझी लेक. तिला मी बत्तीस वर्षं ओळखते. पोटातल्याला नाही.

म्हणजे तूही विसरली नव्हतीस. भाकरी चघळणारं पोर तुझ्या डोळ्यांसमोर अंगणात होतं, त्याच्यावरून तू नजर काढून घेतलीस आणि मला पाठीशी बांधलंस. मी हाका मारत होते म्हणून असेल, किंवा मी तुझी पहिली म्हणून. भावकीनं जे तोंडावर म्हटलं ते तू स्वतःला आधीच म्हणून बसली होतीस. आणि मला मरताना सांगितलंस, राहून गेलं. मी तुझी पाठ कुरवाळली आणि तू भिंतीकडं बघत राहिलीस. माझ्या हातावर चापट मारून ती गाठ सोडवताना तुझी बोटं भीतीनं थरथरत होती, हे मला आज कळलं.

मी जाऊन तिला सांगणार आहे, सही कर, पाचही दारांनी तसंच सांगितलं. दारांनी काही सांगितलेलं नाही. हे मी सांगतेय, आणि देवांच्या नावावर घालतेय, कारण उद्या त्या पेटीतलं काही कमीजास्त झालं तर तिनं त्यांच्यावर रुसावं, माझ्यावर नको. बाळ वाचलं तर मी त्याला मांडीवर घेईन आणि त्याला कधीच कळणार नाही. नाही वाचलं तर मीही लेकीला एक दिवस सांगेन, राहून गेलं, आणि तोंड फिरवीन.

हा कागद कुठं टाकायचा ते ठरवलेलं नाही. बहुतेक पिठाच्या डब्याखाली जाईल. सकाळच्या पट्टीतलं वीतभर सोपट उरलंय, ते इथं ताटलीत माझ्यासमोर आहे. एक छोटी माळ होईल एवढी शेवंतीही उरलीय. सोपट वाळत आलंय, अजून थोडं वाळलं तर गाठ मारताना तुटेल. पाण्याचा तांब्या हाताशी आहे, दोन थेंब शिंपडले तरी पुरतील. तू असतीस तर म्हणाली असतीस, ऊठ, अजून वेळ हाय.

पावणेचार झाले. मी अजून तांब्याला हात लावलेला नाही.